व्हेअर राहून गेलं त्या दुपारनंतर

‘ताई, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी अडीच वर्षं डेटाबेस सांभाळतो. अकरा शाखा, साधारण ३८ हजार सभासद, डेटाबेस पोस्टग्रेस नावाच्या सॉफ्टवेअरचा. मार्चअखेरची धावपळ होती. एका सभासदाचा मोबाइल नंबर बदलायचा म्हणून शाखेतून फोन आला. मी अपडेटची कमांड लिहिली, माउसने निवडली आणि चालवली. निवडताना शेवटची व्हेअरची ओळ, म्हणजे कुणाची नोंद बदलायची ते सांगणारी, सुटली. ३८ हजार जणांना एकच नंबर लागला. वेळ सकाळी ११.४०.

मी घाबरलो. कुणाला न सांगता जानेवारीच्या एका एक्सेल यादीवरून नंबर परत भरायला गेलो, त्यात घोळ आणखी वाढला. तेवढ्यात त्या सभासदाचाच शाखेत फोन आला, की कुणाकुणाचे पैसे भरल्या-काढल्याचे मेसेज माझ्या मोबाइलवर येतायत. मग १२.२० ला साहेबांना सांगितलं. शेवटी रात्रीच्या डंपमधून, म्हणजे रोज रात्री डेटाबेसची जी नक्कल घेतो तिच्यातून, नंबर परत घेतले. सकाळपासून शाखांनी केलेले बदल मात्र गेले, ते अर्ज काढून पुन्हा भरावे लागले.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा? तेव्हापासून एन्टर दाबताना हात थरथरतो. साधी कमांड असली तरी पुण्यातल्या मित्राला फोन लावून वाचून दाखवतो, मग चालवतो. मी या कामाला लायक नाही का? हे सोडून सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरचं काम बघू का? रोज कोणत्या सवयी लावून घेऊ? आणि साहेब म्हणतात सगळं क्लाउडवर जाणार, मग माझं काम उरेल का? मी तुमच्याहून बराच लहान आहे, अरेतुरे केलंत तरी चालेल.’

*

तुझं पत्र वाचताना मी दोन वेळांपाशी अडखळले. ११.४० आणि १२.२०. व्हेअर सुटणं ज्याच्या हातून कधीच घडलं नाही असा डेटाबेसवाला मला पंचवीस वर्षांत भेटलेला नाही. माझ्याही हातून घडलंय. त्यावर उपाय आहेत, ते पुढे सांगते. पण मधली ४० मिनिटं तू एकट्याने काढलीस आणि नुकसान वाढलं ते त्या वेळात. म्हणून आधी त्याबद्दल.

११.४१ ला पहिलं काम होतं कीबोर्डवरून हात काढण्याचं. मग घड्याळ बघून कमांड चालली ती वेळ कागदावर लिहायची. तिचा उपयोग किती मोठा असतो ते पुढे येईलच. त्यानंतर, डेटाबेसला हातही न लावता, मेसेज पाठवणारी सेवा बंद करायची. डेटाबेसमधला नंबर आज ना उद्या परत आणता येतो. दुसऱ्याच्या मोबाइलवर गेलेला मेसेज कुठल्याच बॅकअपमधून परत येत नाही. आणि लगेच साहेबांना फोन. काय बोलायचं ते सुचत नाही अशा वेळी, म्हणून वाक्यं लिहूनच देते: ‘साहेब, ११.४० ला माझ्या कमांडने सगळ्या सभासदांचे मोबाइल नंबर बदलले गेलेत. मेसेज बंद केलेत. मी पुढचं कळवेपर्यंत सभासदांच्या माहितीत बदल करू नका असं शाखांना सांगा. रात्रीचा डंप आहे, काय परत येईल ते अर्ध्या तासात सांगतो.’ हा कागद टेबलाच्या काचेखाली ठेव. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, पण तो कागद तिथे असू दे.

एक काम अजून राहिलेलं दिसतं. ११.४० पासून मेसेज थांबेपर्यंत त्या गृहस्थांना कुणाकुणाचे व्यवहार कळले, याची यादी मेसेजच्या नोंदींमधून काढ आणि साहेबांना लेखी दे. ज्यांच्या रकमा तिसऱ्याच माणसाला दिसल्या त्यांना कळवायचं की नाही, हा निर्णय तू किंवा मी घ्यायचा नाही, तो संस्थेचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्यात अशा प्रसंगाची व्याख्याच दिलेली आहे. चुकून उघड झालेली माहितीसुद्धा त्यात येते. यादी तुझ्याकडून गेली तर तू गोष्ट पूर्ण केलीस असं होईल.

आता लायकीचा प्रश्न. गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक अभियंता डेटाबेसवर आलेला ताण निस्तरत बसला होता. एक मुख्य सर्व्हर आणि एक त्याची चालती प्रत, असे दोन सर्व्हर. प्रत मागे पडली होती आणि ती नव्याने उभी करण्यासाठी तिच्यावरचा डेटाचा फोल्डर पुसायचा होता. त्याने पुसायची कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की समोरची खिडकी मुख्य सर्व्हरची आहे. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

पुढचं ऐक, कारण तुझ्या कामाचं आहे ते इथे आहे. त्यांच्याकडे डेटा वाचवायच्या पाच पद्धती होत्या, आणि वेळ आली तेव्हा पाचातली एकही धड उपयोगी पडली नाही. रोजचा डंप जिथे साठायला हवा होता ती जागा रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे डंप सुरू होऊन लगेच बंद पडत होता. बंद पडल्याचे ईमेलही निघत होते, पण ते खरे आहेत हे पटवणारी तांत्रिक सही त्यांवर नव्हती, म्हणून ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी वाचवलं ते सहा तासांपूर्वी चाचणीसाठी सहज घेतलेल्या एका प्रतीने, आणि ती प्रत घेणारा माणूस तोच होता, ज्याच्या हातून फोल्डर पुसला गेला. कोड वेगळीकडे होता, तो शाबूत राहिला. पण त्या सहा तासांतले अंदाजे ५ हजार प्रोजेक्ट, ५ हजार प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदी गेल्या. सेवा अठरा तास बंद होती.

कंपनीने दुरुस्तीचं काम चालू असताना जगासमोर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. अहवालात त्या अभियंत्याचं नाव नाही. ‘टीम-मेंबर-१’ एवढंच. बाकीची पानं, डंप का पडत होता, ते कुणाला का कळलं नाही, परत आणायला इतका वेळ का लागला, याची आहेत. मला तो अहवाल आजही महत्त्वाचा वाटतो. ज्या संस्थेत ‘कुणी केलं?’ एवढंच विचारलं जातं, तिथे पुढचा माणूस ४० मिनिटं गप्प बसतो. तू बसलास तसाच.

साहेबांचं बोलणं लागलं असेल, लागणारच. तरी त्यांच्याशी भांडू नकोस. एक पान लिही. डाव्या बाजूला वेळा, त्या त्या वेळी काय झालं. उजव्या बाजूला काय नव्हतं म्हणून ते झालं. तुझ्या पत्रावरूनच उजव्या बाजूच्या दोन ओळी मी सांगू शकते. पहिली: एका सभासदाचा मोबाइल नंबर बदलायला डेटाबेसवाल्याने हाताने कमांड का लिहावी? तुमच्या पतसंस्थेत दुसऱ्या सहीशिवाय व्हाउचर पास होत नाही. कॅशियर स्वतःच लिहून स्वतःच पास करत नाही. मग ज्या नंबरावर ओटीपी जातो तो नंबर एका माणसाने, स्क्रीनशिवाय, कुणी न तपासता बदलावा हे मला पटत नाही. शाखेत एकाने भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी साधी स्क्रीन करून घ्या. ती आली की तुझ्या निम्म्या धोकादायक कमांड बंद होतील.

दुसरी ओळ बॅकअपची. इथे मी माझी गोष्ट सांगते.

२००४ च्या सुमारास मी एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. ओरॅकलचा डेटाबेस, स्टोअरचा सगळा साठा त्यात. रोज रात्री टेपवर बॅकअप घ्यायचा आणि वहीत सही करायची: तारीख, टेप क्रमांक, ‘बॅकअप झाला’, सही. दिवाळीच्या सुट्टीत डिस्क भरत आली म्हणून आम्ही डेटाच्या फाइली नव्या डिस्कवर हलवल्या. जुन्या फाइली, असू देत म्हणून, जुन्या जागीच ठेवल्या. बॅकअपची स्क्रिप्ट कुणी बदलली नाही. ती रोज रात्री इमानाने जुन्या जागेवरच्या फाइली टेपवर चढवत राहिली.

एप्रिलमध्ये सर्व्हर बसला आणि डिस्कही त्याच्याबरोबर गेल्या. नवं यंत्र आणलं, टेप लावली, तीन तासांत डेटाबेस उभा राहिला. लॉगिनची स्क्रीन आली तेव्हा खोलीत टाळ्या वाजल्या. दहा मिनिटांनी स्टोअरमधून फोन आला, ‘मॅडम, साठा दिवाळीचा दाखवतोय.’ मी अजूनही तो आवाज विसरलेले नाही. वहीत पाच महिन्यांच्या सह्या होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्या. माल आवक पावत्या आणि इश्यू स्लिपांचे गठ्ठे काढून आम्ही तीन आठवडे डेटा परत भरला. स्टोअरची माणसं रात्री दहापर्यंत आमच्याबरोबर बसायची, त्यांचा काही दोष नसताना.

त्यानंतर मी वहीतला रकाना बदलला. ‘बॅकअप झाला’ काढून टाकलं. त्याजागी लिहिलं, ‘परत आणून पाहिलं तेव्हा शेवटची नोंद कोणत्या तारखेची, किती वाजताची?’ हा रकाना भरायचा तर टेप कुठेतरी उतरवून उघडावीच लागते. जिथे जिथे काम केलं तिथे हा रकाना नेला.

तुलाही तेच सांगते. ऑफिसात कुठलातरी जुना पीसी पडलेला असेल. त्यावर पोस्टग्रेस टाक, आवृत्ती सर्व्हरवरचीच हवी. महिन्यातून एकदा रात्रीचा डंप त्यावर उतरव. नुसता उतरला म्हणून खूश होऊ नकोस. सभासदांची संख्या मोज. एकूण ठेवींची बेरीज काढ आणि त्या दिवशीच्या तेरजेशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीशी, ताडून बघ. रुपयाचा फरक निघाला तरी कारण सापडेपर्यंत सोडू नकोस. मराठी नावं नीट दिसतात का ते बघ, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीत ना. शेवटच्या व्यवहाराची वेळ वहीत लिही. आणि सगळ्याला किती मिनिटं लागली ते लिही, कारण पुढच्या वेळी साहेब विचारतील ‘किती वेळ लागेल?’ आणि तुझ्याकडे अंदाजाऐवजी आकडा असेल. त्या पीसीवर सगळ्या सभासदांची माहिती येते, तेव्हा तो कुलपात, आणि काम झालं की तो डेटाबेस पुसून टाक.

पण रोजचा डंप पुरेसा नाही. तुझे सकाळचे बदल गेले ते त्यामुळेच. तू पतसंस्थेत आहेस म्हणून हे तुला पटकन समजेल. हिशेबात आधी रोजकीर्द लिहितात, मग त्यावरून खतावणी. पोस्टग्रेसही तसंच करतो. प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजकिर्दीत, लिहिला जातो आणि मग सवडीने टेबलांच्या फाइलींत उतरतो. वीज गेली तरी तो सावरतो तो कीर्द वाचूनच. आता विचार कर. रविवारच्या खतावणीची पूर्ण नक्कल तुझ्याकडे आहे, आणि तेव्हापासूनची सगळी कीर्द आहे. मग दुसऱ्या यंत्रावर ती नक्कल मांडून, कीर्द पुढे पुढे खतवत, मंगळवारी सकाळी ११ वाजून ३९ मिनिटांवर थांबता येतं की नाही? येतं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००५ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून आहे. वेळ सांगायची, तो त्या वेळेला थांबतो. कागदावर वेळ लिही म्हटलं ते याचसाठी.

हे सुरू करायला फार काही लागत नाही. एक लक्षात ठेव, त्यासाठीची नक्कल डंपची चालत नाही. बेसबॅकअप घ्यावा लागतो, म्हणजे फाइलींची जशीच्या तशी नक्कल. लॉगच्या फाइली १६ एमबीच्या असतात, त्या भरल्या की दुसरीकडे पाठवायची आज्ञा द्यायची. तुमच्याकडे व्यवहार कमी, फाइल भरायला तास-दोन तासही लागतील, म्हणून दर पाच मिनिटांनी पाठव असं सांगायचं. कामाचे दहा तास धरले तर १२० फाइली, दोन जीबीच्या आत. आजच्या डिस्कला हे काहीच नाही. मग तुझं नुकसान जास्तीत जास्त पाच मिनिटांचं.

परत आणताना एक काळजी घे. चालू डेटाबेसवर जुना कधी चढवू नकोस. बाजूच्या यंत्रावर ११.३९ चं चित्र उभं कर, त्यातून फक्त सभासद क्रमांक आणि मोबाइल एवढेच दोन रकाने आण, आणि चालू टेबलात ज्याच्यापुढे तो एक चुकीचा नंबर दिसतोय त्याच्याच जागी जुना घाल. ज्याचा नंबर शाखेने दुपारी रीतसर बदलला त्याला धक्का लागणार नाही.

या सगळ्या प्रती इमारतीबाहेर जायला हव्यात, हे सांगलीच्या माणसाला मी वेगळं सांगावं असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी दुकानांत, बँकांत, ऑफिसांत शिरलं ते तू पाहिलं असशील. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात असेल, तर दोन्ही एकाच दिवशी पाण्यात जातात. एक प्रत उंचावरच्या शाखेत किंवा दुसऱ्या गावात ठेव. आणि ती अशी ठेव, की तुझ्या रोजच्या लॉगिनने ती पुसता येणार नाही. सर्व्हरवर कुणी घुसखोराने कुलूप घातलं तर तो तुझ्याच लॉगिनने बॅकअपपर्यंत पोचतो.

चालती प्रत, जिला रेप्लिका म्हणतात, ती आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तू ३८ हजार नंबर बदललेस ते तिच्याही अंगावर लगेच उमटतात. सर्व्हर जळाला तर ती कामाची, माणूस चुकला तर नाही.

आता हाताच्या सवयी. तुझ्या टूलमध्ये मजकूर निवडला की तेवढाच चालतो, म्हणून व्हेअर वेगळ्या ओळीवर ठेवायची पद्धत सोड. छोटी कमांड एकाच ओळीत लिही. त्याआधी तीच अट लावून सिलेक्ट, म्हणजे काही न बदलता नुसत्या नोंदी दाखवणारी कमांड, चालव आणि किती ओळी येतात ते बघ. एक यायला हवी होती, एकच आली? मग बिगिन, म्हणजे इथून पुढचे बदल कच्चे धर, मग अपडेट. पोस्टग्रेस उत्तर देतो, ‘अपडेट १’. तो आकडा वाचल्याशिवाय कमिट नाही, म्हणजे बदल पक्का करायचा नाही. ‘अपडेट ३८०००’ असं दिसलं तर रोलबॅक, म्हणजे कच्चा बदल मागे, आणि काहीच झालेलं नाही. त्या दिवशी तुझ्या टूलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप पक्का करणं, चालू होतं, म्हणून तुला ही संधीच मिळाली नाही. आजच बंद कर. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्या वाचकांसाठी सांगते, तिथे ‘सेफ अपडेट्स’ नावाची सोय आहे, ती चालू ठेवली तर व्हेअर किंवा लिमिट (किती ओळी बदलायच्या त्याची मर्यादा) नसलेलं अपडेट सर्व्हरच घेत नाही.

ऑटोकमिट बंद केल्यावर एक नवा धोका येतो, तोही सांगते. बिगिन केलं, अपडेट केलं आणि चहाला गेलास, तर ती ओळ तुझ्या नावाने अडकून राहते. शाखेतला माणूस त्याच सभासदाची नोंद उघडून बसतो, सेव्ह होतच नाही. फार वेळ राहिलं तर साफसफाई करणाऱ्या व्हॅक्यूमचंही काम अडतं. तेव्हा बिगिन केलं की खुर्ची सोडायची नाही. शिवाय बिगिन करून नुसतं उघडं राहिलेलं काम ठरावीक वेळाने तोडायची सोय ९.६ पासून आहे, ती दहा मिनिटांवर लावून ठेव.

दोन लॉगिन कर. दिवसभर वाचायचं काम ज्याने करशील त्याला लिहायचा अधिकारच नको. बदल करायचे तेव्हा दुसऱ्याने आत ये, काम कर, बाहेर पड. त्या खिडकीची पार्श्वभूमी लाल ठेव. गिटलॅबच्या त्या रात्रीनंतर कुठल्या सर्व्हरवर आहोत ते डोळ्यांना ठसठशीत दिसावं यावर त्यांनीही काम केलं. ज्या ओळी बदलणार त्या आधी वेगळ्या टेबलात उतरवून ठेव, नावात तारीख घाल. दोन सेकंदांचं काम आहे.

सकाळी आल्यावर दहा मिनिटं फेरी मार. डिस्क किती भरली, रात्रीचा डंप झाला का, त्याचा आकार कालच्याइतका आहे का (एकदम निम्मा झाला तर काहीतरी सुटलंय), कुठली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तासभर अडकून बसलीय का. डिस्क भरली म्हणून घाईने फाइली पुसायला जाऊ नकोस. पोस्टग्रेसच्या रोजकिर्दीचा फोल्डर पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ नावाचा होता. नावात लॉग दिसला की लोक ते जुने निरोप समजून उडवायचे आणि डेटाबेसच उठायचा नाही. इतक्यांदा हे घडलं, की २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत त्याचं नावच बदलून ‘पीजी_वॉल’ केलं. जगभरच्या लोकांच्या हातून तीच चूक होतेय म्हटल्यावर ज्यांनी पोस्टग्रेस बनवला त्यांनी लोकांना बोल लावला नाही, फोल्डरचं नाव बदललं. हेही तुझ्या त्या पानाच्या उजव्या बाजूला शोभेल.

मित्राला फोन लावून कमांड वाचून दाखवणं मात्र थांबव. सभासदांची नावं-नंबर बाहेरच्या माणसाच्या कानावर जातात, हे एक. आणि त्याला तुमची टेबलं माहीत नाहीत, तो ‘ठीक वाटतंय’ एवढंच म्हणू शकतो. त्याऐवजी ऑफिसातल्या अकाउंटंटना शेजारी बसव. त्यांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या कमांडची भाषा, येत नसली तरी चालेल. ‘एकाच सभासदाची ओळ बदलणार आहे’ असं त्यांना मोठ्याने सांग, मग पडद्यावरचा आकडा त्यांना वाचायला लाव. एक म्हटलं होतं आणि एकच दिसतंय, एवढं ते नक्की सांगतील.

हात थरथरतोय याचं मला वाईट वाटत नाही. ज्या माणसाला ३८ हजार लोकांच्या नंबरांची भीती वाटते त्याच्याकडे मी माझा डेटा निर्धास्तपणे देईन. ही थरथर बिगिन आणि रोलबॅक हाताखाली असले की कमी होते, माझी झाली. टेस्टरचं काम आवडत असेल तर जरूर जा, पण या दुपारच्या भीतीने जाऊ नकोस. आणि गेलासच, तर आधी एकदा परत आणण्याची तालीम करून जा.

क्लाउडबद्दल थोडक्यात. तिथे डिस्क बदलणं, बॅकअपचं वेळापत्रक, ठरावीक मिनिटावर परत जाणं, हे बरंचसं तयार मिळतं. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेत आपोआप घेतलेले बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. त्याआधीचं हवं तर स्वतः ठेवावं लागतं, हे माहीत असलेला माणूस ऑफिसात लागतोच. व्हेअर नसलेलं अपडेट क्लाउडवरचा सर्व्हरही तितक्याच तत्परतेने चालवतो. कुठला रकाना कुणी बघावा, कुठली क्वेरी मार्चअखेरीला अडते, परत आणलेला डेटा तेरजेशी जुळतो का, हे तुमच्या संस्थेचं काम तुमच्याकडेच राहणार. तेव्हा क्लाउडवर जायच्या बैठकीत तू मागे बसू नकोस. पहिला प्रश्न तू विचार: परत आणून कोण बघणार आणि महिन्यातून कधी?

या शनिवारी अर्धा दिवस असेल. साहेबांना विचारून तो जुना पीसी घे आणि शुक्रवार रात्रीचा डंप उतरवून बघ. वहीत तो रकाना आख. शेवटची नोंद किती वाजताची निघाली आणि किती मिनिटं लागली, ते मला कळव.